घरच्या घरी उदोन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानमधल्या ताकामात्सू शहरात आम्ही तीन वर्षं राहिलो. पुण्याला परतून बरीच वर्षं झाली, तरी घरात कुणाला कणकण आली किंवा पावसानं दोन दिवस डोकं वर काढू दिलं नाही, की आमच्याकडे उदोन होतो. ज्यांनी तो आमच्या घरी खाल्ला, ते घरी जाऊन करून बघतात आणि मग फोन येतात. पीठ फाटतंय, रस्सा काळा झाला, कोम्बूला (रश्शासाठीच्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाला) बुरशी आलीय का? उत्तरं सगळ्यांना तीच द्यावी लागतात, म्हणून इथे एकत्र लिहिली आहेत.

उदोन म्हणजे काय? रामेन आणि उदोन एकच का?

नाही. उदोन म्हणजे गव्हाचं पीठ, मीठ आणि पाणी यांच्या जाड, पांढऱ्या, गुळगुळीत नूडल्स. चौथा जिन्नस नाही. रामेनच्या पिठात कान्सुई नावाचं खारं, क्षारयुक्त पाणी पडतं. त्यानं नूडल्सना पिवळसर रंग आणि वेगळाच वास येतो, आणि ते मूळ चिनी वळणाचं खाणं आहे. सोबा कुट्टूच्या पिठाचा असतो, करड्या रंगाचा. रामेनचा रस्सा अनेकदा डुकराची नाहीतर कोंबडीची हाडं तासन्‌तास उकळून दाट करतात. उदोनचा रस्सा पाण्यासारखा पातळ आणि नितळ, वाडग्याचा तळ दिसेल असा. म्हणूनच घरी करायला उदोन सोपा. सोपा म्हणजे झटपट मात्र नव्हे.

आणि उच्चार ‘उदोन’. ‘द’ दगडातला. ‘उडॉन’ नको.

उदोन म्हटलं की कागावाचं नाव का निघतं?

कागावा हा शिकोकू बेटावरचा प्रांत, क्षेत्रफळानं जपानमधला सगळ्यात लहान. त्याचं जुनं नाव सानुकी, म्हणून ‘सानुकी उदोन’. ताकामात्सू ही त्याची राजधानी. तिथे पाऊस कमी पडतो. भाताला पाणी पुरायचं नाही, त्यामुळे गव्हाला जागा मिळाली. समोरच्या सेतो समुद्रातून मीठ यायचं, शेजारच्या शोदोशिमा बेटावर लाकडी पिंपांत सोया सॉस मुरत असे (अजून मुरतो), आणि इबुकी बेटावरून इरिको, म्हणजे उकडून वाळवलेले बारीक मासे. वाडग्यात लागणारं सगळं हाकेच्या अंतरावर.

तिथल्या लोकांना विचारलंत तर ते सांगतील की कूकाई या बौद्ध आचार्यांनी नवव्या शतकाच्या सुरुवातीला चीनहून येताना ही विद्या आणली. कूकाई सानुकीचेच, जन्म ७७४ चा. पण ही आख्यायिका आहे. क्यूशूतल्या हाकाताचे लोक तर आपल्या जोतेन्जी देवळातला शिलालेखच दाखवतात: उदोन आणि सोबा इथून सुरू झाला, १२४१ साली चीनहून परतलेल्या भिक्षूनं आणला. दोन गावांच्या या भांडणात आपण पडू नये.

कागावाचं वेड मात्र खरं आहे. २०११ मध्ये प्रांताच्या सरकारनंच जाहिरात केली की आता आमचं नाव ‘उदोन प्रांत’. सकाळी सहा-सातला उघडणारी दुकानं असतात. रांगेत उभं राहायचं, लहान, मध्यम की मोठा ते सांगायचं, नूडल्सचा गोळा वाडग्यात मिळतो. काही ठिकाणी तो बांबूच्या जाळीत घालून आपणच उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा, झटकायचा आणि टाकीच्या तोटीतून रस्सा घ्यायचा. पहिल्या दिवशी मी तोटी बंद करायला विसरले. मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी हात पुढे करून ती बंद केली आणि काही न बोलता कांद्याची पात माझ्याकडे सरकवली.

आपला मैदा चालतो का? कणीक घेतली तर?

मैदा चालतो, छान चालतो. जपानमध्ये उदोनला मध्यम ताकदीचं पीठ वापरतात: केकच्या पिठाहून चिवट, ब्रेडच्या पिठाहून मऊ. पाकिटामागे प्रथिनांचा आकडा असतो. १०० ग्रॅमला ९ ते ११ ग्रॅम असतील तर बिनधास्त घ्या. खुद्द कागावात आज बहुतेक पीठ ऑस्ट्रेलियन गव्हाचं असतं. त्यांनी स्वतःची ‘सानुकी नो युमे’ ही गव्हाची जात काढली आहे, पण ती पुरेशी पिकत नाही. तेव्हा ‘अस्सल पीठ इथे कुठे मिळणार’ ही सबब चालायची नाही.

नुसत्या कणकेचा उदोन होत नाही. कोंड्याचे कण पिठातले धागे कापत जातात आणि शिजताना पट्ट्यांचे तुकडे पडतात. चव हवीच असेल तर पाचवा हिस्सा कणीक, बाकी मैदा. खपली गहू तर इथे अजिबात नको, त्याची जागा खिरीत.

प्रमाण सांगा.

चौघांसाठी मैदा ४०० ग्रॅम, मीठ २० ग्रॅम, पाणी १८० मिली. वजनकाटा वापरा. वाटीनं मोजून कधी जमेल, कधी नाही, आणि का जमलं नाही ते कळणार नाही.

मीठ आधी पाण्यात पूर्ण विरघळवा. ४०० ग्रॅमला २० ग्रॅम मीठ बघून लोक दचकतात. पण ते चवीसाठी नाहीच. मिठानं पिठातले धागे घट्ट होतात आणि गोळा आंबट होत नाही. त्यातलं बरंचसं उकळताना पाण्यात निघून जातं. कागावात ‘दोसान कानरोकु’ म्हणून जुना ठोकताळा आहे: ऐन उन्हाळ्यात एक माप मिठाला तीन मापं पाणी, कडाक्याच्या थंडीत एकाला सहा, मधल्या दिवसांत एकाला पाच. गरमीत पीठ सैल पडतं म्हणून मीठ जास्त. माझं प्रमाण त्याहून बरंच सौम्य आहे, पण तत्त्व तेच. पुण्याच्या एप्रिलमध्ये मी २० चे २४ ग्रॅम करते आणि पाणी चमचाभर कमी.

पीठ गोळाच होत नाही, भुगा राहतो. पाणी वाढवू का?

नको! इथेच बहुतेक जण घसरतात. पोळीच्या कणकेची सवय हाताला असते, म्हणून हे पीठ कोरडं वाटतं. मिठाचं पाणी तीन वेळा थोडं थोडं शिंपडा आणि बोटांच्या टोकांनी फिरवत राहा, भाकरीच्या पिठासारखं दाबू नका. आधी ते रवाळ होतं, मग पोह्यांएवढ्या गोळ्या होतात. त्या गोळ्या मुठीत आवळून एकत्र करा, ओबडधोबड गोळा झाला तरी पुरे. झाकून अर्धा तास ठेवा. अर्ध्या तासानं तोच गोळा हाताला ओलसर लागेल. पाणी आत शिरायला वेळ लागतो, एवढंच. अगदीच सुटं राहिलं तर चमच्याच्या हिशेबानं वाढवा.

पीठ पायानं तुडवायलाच हवं का?

जपानमध्ये तुडवतात, हे खरं. गोळा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा, वर स्वच्छ कापड, आणि टाचांनी मधून कडेला दाबत जायचं. पसरला की घडी, पुन्हा तुडवायचं, असं तीन-चारदा. पीठ इतकं घट्ट असतं की हातानं मळताना मनगटं दुखतात; अंगाचं वजन फुकट मिळतं, मग का सोडा?

पुण्यात पहिल्यांदा मी पिशवी जमिनीवर ठेवून पाय टाकला, तेव्हा सासूबाई दारात होत्या.

“अगं, अन्नाला पाय लावतेस?”

“आई, पिशवी आहे ना मध्ये. तिकडे सगळे असंच करतात.”

“तिकडे करू देत. ऊठ.”

त्यांनी गोळा हातात घेतला, दाबून बघितला आणि म्हणाल्या, “हे तर पापडाचं पीठ आहे.” माळ्यावरून लोखंडी बत्ता निघाला, पाट्याला तेलाचं बोट फिरलं, आणि उडदाचं पीठ कुटावं तसा तो गोळा कुटला गेला: कुटायचं, ओढायचं, दुमडायचं, परत कुटायचं. दहा मिनिटांत असा गुळगुळीत झाला की माझ्या टाचांना कधी जमला नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे उदोन कुटूनच होतो. बत्ता नसेल तर जड लाटण्यानं ठोका, किंवा गोळा परातीत ठेवून दोन्ही मुठींनी सरळ खाली दाबा. खाली ओटा नको, फरशी बरी, म्हणजे खांद्याचं वजन येतं.

मुरायला किती वेळ?

कमीत कमी दोन तास. ‘सानुकीचा खास उदोन’ म्हणून विकायचा तर जपानमध्ये नियमच आहे: पाणी पिठाच्या किमान ४० टक्के, मीठ किमान ३ टक्के, मुरवणं किमान दोन तास. उन्हाळ्यात दोन तास पुरतात, थंडीत चार. रात्रभर ठेवायचं तर फ्रिजमध्ये ठेवा आणि लाटण्याआधी तासभर बाहेर काढा. झालं कसं ओळखायचं? आमच्या शेजारच्या जपानी आजी स्वतःच्या कानाची पाळी दाबायच्या, मग गोळा दाबायच्या. दोन्ही सारखं लागलं की लाटायला घ्यायच्या. घाई केलीत तर पीठ लाटताना रबरासारखं मागे येतं, आणि त्याच्याशी कुस्ती करून काहीही होत नाही. झाकून बाजूला ठेवा, वीस मिनिटांनी या.

लाटायचं आणि कापायचं कसं?

कॉर्नफ्लोर भुरभुरवून ३ मिलिमीटर जाडीवर लाटा. मैदा लावून लाटलंत तर शिजताना पाणी खळीसारखं होतं. मग पोळीच्या दोन्ही बाजूंना कॉर्नफ्लोर लावून साडीच्या निऱ्यांसारख्या तीन घड्या घाला, आणि धारदार सुरीनं ३ ते ४ मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापा. सुरी सरळ खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही. शिजल्यावर पट्ट्या फुगून जवळजवळ दुप्पट होतात, म्हणून ‘जरा जाडच ठेवू’ हा मोह आवरा. कमीजास्त रुंदीच्या झाल्या तर होऊ देत. वाडग्यात एखादी जाड, एखादी बारीक आली की ती घरची.

किती वेळ शिजवायच्या? पाण्यात मीठ घालायचं?

मीठ घालायचं नाही, पिठात आहेच. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं काढा. ४०० ग्रॅम पिठाच्या नूडल्सना चार लिटर पाणी तरी हवं, नाहीतर दोन वेळा मिळून करा. पाणी खळखळत असताना, कॉर्नफ्लोर झटकून, पट्ट्या मोकळ्या सोडा. पहिलं मिनिट ढवळू नका, मग एकदा अलगद. १० ते १२ मिनिटं लागतात. पाणी उतू जायला आलं तर आच कमी करा. गार पाणी ओतत बसू नका.

दहाव्या मिनिटाला एक पट्टी काढून गार पाण्यात बुडवून चावा. गरम चावलीत तर अंदाज चुकतो. मध्ये पांढरा, कच्चा ठिपका दिसायला नको, पण दाताला हलका विरोध हवा. या विरोधाला जपानीत ‘कोशी’ म्हणतात, आणि कागावाचे लोक त्याबद्दल आपल्याकडे हापूसबद्दल बोलतात तसं बोलतात.

लगेच चाळणीत ओतून, नळाखाली, दोन्ही हातांनी चोळून धुवा. होय, चोळून. वरचा बुळबुळीत स्टार्च गेला पाहिजे, नाहीतर रस्सा गढूळ होतो. गार पाण्यानं नूडल्स आवळतातही. वाढताना उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट परत गरम करा आणि पाणी पूर्ण निथळा. उन्हाळ्यात गारच ठेवून वर दाट रस्सा ओततात, त्याला ‘बुक्काके’ म्हणतात.

दाशी म्हणजे काय? तिच्याशिवाय चालणार नाही का?

नाही चालणार. दाशी हा उदोनचा जीव. नूडल्स विकतच्या घ्या, मी काही म्हणणार नाही. पण रस्सा म्हणून गरम पाण्यात सोया सॉस घातलात तर तो उदोन नाही.

दाशी म्हणजे कोम्बू (जाड समुद्री शेवाळाची वाळवलेली पट्टी) आणि कात्सुओबुशी (शिजवून, धुरावून, वाळवून लाकडासारखा कडक केलेल्या मासळीचे पातळ कीस) यांचा अर्क. काही मिनिटांत होतो, पण त्यामागची मेहनत मासळीवाल्यानं आणि शेवाळ वाळवणाऱ्यानं आधीच केलेली असते. कात्सुओबुशीचा जवळचा नातेवाईक आपल्या लक्षद्वीपला आहे: तिथला ‘मासमीन’. मासाही तोच, कुप्याच्या कुळातला, आणि रीतही उकडून, धुरावून, वाळवायचीच.

या चवीला नाव मिळालं १९०८ मध्ये. टोकियोच्या विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला की कोम्बूच्या पाण्यात गोड, आंबट, खारट, कडू यांपैकी काहीच नसताना ते इतकं रुचकर का लागतं. सुमारे १२ किलो कोम्बूमधून त्यांनी ३० ग्रॅमच्या आसपास ग्लुटामिक आम्ल वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ म्हटलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना कात्सुओबुशीत अशीच चव देणारं इनोसिनेट सापडलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी शिताके मशरूममधलं ग्वानिलेट ओळखलं. ग्लुटामेटसोबत (म्हणजे ग्लुटामिक आम्लाच्या क्षारासोबत) या दोघांपैकी एक आलं की चव बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते, हेही तेव्हा कळलं. स्वयंपाकघरात मात्र कोम्बू आणि मासळीची ही जोडी शतकानुशतकं जमलेलीच होती.

दाशी करायची कशी?

पाणी सव्वा लिटर, कोम्बू १५ ग्रॅम, कात्सुओबुशी २५ ग्रॅम. कोम्बू पाण्यात निदान अर्धा तास भिजू दे, रात्रभर फ्रिजमध्ये भिजला तर उत्तम. मग मंद आचेवर ठेवा. पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे दिसले की कोम्बू काढा. उकळू दिलात तर चिकटपणा आणि शेवाळाचा वास उतरतो. आता पाणी उकळा, गॅस बंद करा, कीस टाका, एक-दोन मिनिटांनी मलमलच्या कपड्यातून गाळा. कपडा पिळायचा नाही. हात शिवशिवतात, मला माहीत आहे. पिळलं की कडवट होतं.

कोम्बूवरची पांढरी भुकटी म्हणजे बुरशी नव्हे. ती चवीचीच आहे, धुऊ नका. ओल्या फडक्यानं माती पुसली की झालं.

कागावाच्या घरांत कात्सुओबुशीऐवजी इरिको वापरतात. त्यांची डोकी आणि पोटातला काळा भाग काढून टाकायचा, नाहीतर कडू होतं, आणि कोम्बूबरोबर रात्रभर भिजवायचे. वास उग्र, चव रांगडी. कोकणातल्या माणसाला हीच दाशी जास्त आवडते असा माझा अनुभव आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. मग?

कोम्बू १५ ग्रॅम, वाळलेले शिताके मशरूम चार-पाच, सव्वा लिटर गार पाणी, रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी दोन्ही काढा, पाणी गाळून एक उकळी आणा. शिताके गरम पाण्यात पटकन भिजवण्याचा आडमार्ग नको, चव उतरत नाही. ही तडजोड मुळीच नव्हे. जपानमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात, ज्याला शोजिन र्योरी म्हणतात, हीच दाशी चालते, आणि कांदा-लसूणही नसतो. आमच्या घरी चातुर्मासात हीच होते, त्या वेळी वरची पातही गाळते.

एक सावधगिरी: दुकानात मिळणाऱ्या दाशीच्या भुकटीत बहुधा मासळी असते. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा.

कोम्बू रोज खाल्ला तर चालतो का? थायरॉइड आहे.

कोम्बूमध्ये आयोडीन खूप असतं, आणि दाशीतही उतरतं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एरवी आठवड्यातून एखाद्या वाडग्याचं काही वाटून घेऊ नये.

तीच कृती, पण रस्सा फिका लागतो. काय चुकलं?

आधी पाणी बघा. जपानचं पाणी मृदू आहे, आणि कोम्बूचा रस जड पाण्यात नीट उतरत नाही. सोसायटीत बोअरवेलचं पाणी येत असेल, किटलीत पांढरा थर धरत असेल, तर दाशीपुरतं फिल्टरचं पाणी घ्या. मला हे कळायला एक अख्खं कोम्बूचं पाकीट लागलं.

सोया सॉस कुठला? रस्सा काळा होतो.

माझा पुण्यातला पहिला उदोन काढ्यासारखा दिसत होता. जवळच्या दुकानातला ‘डार्क’ सोया सॉस घातला होता, त्यात कॅरामलचा रंग. चवही जळक्या साखरेची. घटकांत सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असलेली, नैसर्गिकरीत्या आंबवलेली बाटली घ्या.

जपानी सोया सॉसचे दोन मुख्य प्रकार. कोइकुची गडद आणि उसुकुची फिका. फिका रंगानं, मीठ त्यात जास्तच असतं. ओसाकाकडे उसुकुची, त्यामुळे रस्सा सोनेरी. टोकियोकडे कोइकुची, रस्सा गडद. पहिल्यांदा टोकियोत गेलेला ओसाकावाला वाडग्यात बघून नाक मुरडतो. हा भेद इतका पक्का की ‘दोनबेई’ हा कपातला उदोन पूर्व आणि पश्चिम जपानसाठी वेगवेगळ्या रश्शाचा निघतो. ओसाकाच्या चवीमागे व्यापार आहे: होक्काइदोचा कोम्बू जुन्या काळी जहाजांनी तिथे यायचा.

एक लिटर दाशीला उसुकुची अडीच मोठे चमचे, मिरिन दोन मोठे चमचे, मीठ पाव चमचा. मिरिन ही तांदळाची गोड, पाकासारखी दारू. ती घरात नको असेल तर दोन लहान चमचे साखर. थोडं फुळकवणी लागलं तर मीठ वाढवा, सॉस नव्हे. चाखताना रस्सा नुसता पिऊन किंचित खारट लागला पाहिजे, कारण नूडल्स आळणी असतात.

‘कित्सुने उदोन’ म्हणजे कोल्ह्याचं काय?

कित्सुने म्हणजे कोल्हा. इनारी देवाच्या कोल्ह्यांना तळलेला तोफू आवडतो अशी समजूत आहे, म्हणून गोडसर तळलेला तोफू ठेवलेला उदोन तो कित्सुने. ओसाकाचं हे लाडकं खाणं. घरी करायचं तर घट्ट तोफूचे अर्ध्या सेंटिमीटरचे काप करा, फडक्यात गुंडाळून वर वजन ठेवा, आधी मंद आणि मग कडक तेलात तळा. उकळतं पाणी ओतून तेल धुवा. मग एक वाटी दाशी, दोन चमचे साखर, दीड चमचा सोया सॉस यांत पंधरा मिनिटं मुरेपर्यंत शिजवा. चावल्यावर तोंडात गोड रस फुटतो, आणि तो हळूहळू रश्शात उतरतो. शेवटचे चार घोट पहिल्यापेक्षा चांगले असतात.

वर आणखी काय घालू?

कांद्याची पात, भरपूर. कच्चं अंडं फोडून घातलं की ‘त्सुकिमी’, म्हणजे चंद्रदर्शन. जपानमध्ये अंडी कच्ची खाण्याच्या हिशेबानंच विकतात, आपल्याकडे तसं नाही. तेव्हा अंडं उकळत्या रश्शातच फोडून, झाकण ठेवून शिजवा.

तिखटासाठी शिचिमी, सात जिनसांची भुकटी: लाल मिरची, संत्र्याची वाळलेली साल, तीळ, खसखस, नोरी (कागदासारखं वाळवलेलं समुद्री शेवाळ), भांगेचं बी आणि सान्शो. सान्शो चाखलात तर गोव्या-कोकणातली माणसं चमकतील, कारण ते तिरफळाचं चुलत भावंड आहे, एकाच कुळातलं. जीभ तशीच झिणझिणते. शिचिमी संपली की मी मिरची, तीळ, खसखस आणि वाळवलेली संत्र्याची साल जाडसर कुटते, आणि बी काढलेल्या दोन तिरफळांची सालं टाकते. बांगड्याच्या तिखल्याची आठवण येते, येऊ देत.

आजारी माणसाला, लहान मुलांना देता येतो का?

तापात जपानमध्ये भाताची पेज नाहीतर उदोनच देतात. तेव्हा कोशी वगैरे विसरा: नूडल्स रश्शातच आणखी पाच-सात मिनिटं मऊ शिजवा, अंड्याची धार सोडा, किसलेलं आलं घाला. मऊ उदोन कमअस्सल असंही नाही. इसे गावचा उदोन तासभर शिजवतात, आणि हाकाताचा कागावावाल्यांना लगदा वाटेल इतका मऊ असतो. मुलांसाठी नूडल्स कात्रीनं कापा. गव्हाची किंवा सोयाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना मात्र हा पदार्थ नाहीच.

आमटीत घालून बघितलं, छान लागलं. चालेल ना?

चालेल, पण त्या चकोल्या झाल्या. गंमत म्हणजे जपानमध्येही चकोल्या आहेत. फुजी पर्वताच्या पलीकडे यामानाशीत ‘होतो’ करतात: बिनमिठाच्या पिठाच्या रुंद पट्ट्या, न उकडता थेट भोपळा घातलेल्या मिसोच्या (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याच्या) रश्शात. पीठ उतरून रस्सा दाट होतो. आमच्या सासूबाईंनी फोटो बघून लगेच ओळखलं.

उरलं तर?

रस्सा आणि नूडल्स एकत्र ठेवू नका, सकाळी वाडग्यात फक्त फुगलेल्या नूडल्स उरतील. शिजवून धुतलेल्या नूडल्सचे एकेका माणसाचे गोळे करून फ्रीजरमध्ये ठेवा, महिनाभर टिकतात, आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात टाकायचे. दाशी फ्रिजमध्ये दोन दिवस. वापरलेला कोम्बू आणि शिताके बारीक चिरून सोया सॉस आणि साखरेत आटवा, वर तीळ. भाताबरोबर तोंडीलावणं.

फ्रोझन उदोन आणला तर लबाडी होईल का?

कसली लबाडी? फ्रोझन नूडल्समध्ये बहुधा टॅपिओकाचा स्टार्च असतो, म्हणून त्या छान चिवट राहतात, घरच्या पहिल्या प्रयत्नाहून नक्की बऱ्या. शेजारच्या ज्या आजींकडून मी हे सगळं शिकले, त्यांच्याही फ्रीजरमध्ये पाच पाकिटांची चळत असायची. दाशीचा कोम्बू मात्र त्या रोज रात्री झोपण्याआधी पाण्यात टाकायच्या, दुसऱ्या दिवशी काय करायचंय ते ठरलेलं नसलं तरी.